धुतलेलं काळं फडकं

बायको गेली तेव्हापासून धुणं-भांडी मीच करतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण कपडा असा धुतो की तिनंसुद्धा नाव ठेवलं नसतं. ठेवलं असतं म्हणा, ती तशीच होती.

नात कॉलेजसाठी माझ्याकडे नाशिकला राहते. उन्हाळ्यात तिनं कॉलेजच्या प्रयोगासाठी गच्चीवर काचेची पेटी मांडली. आत ताटात मिठाचं पाणी, त्यावर काळं फडकं. नाशिकला समुद्र कुठला, म्हणून तिनंच पाण्यात मीठ कालवून समुद्र केला.

"आजोबा, फडक्यावर नॅनोकण आहेत. डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक. ते ऊन धरतात, वरचंच पाणी तापतं, वाफ लवकर होते. काचेवर जमलेलं वाफेचं गोडं पाणी बाटलीत, मीठ मागं."

"डाळ शिजेल का त्यात?"

सिन्नरकडं आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. डाळ शिजायची नाय. बायको गोड्या पाण्यासाठी लय लांब जायची.

"शिजेल की!"

शनिवारी सरांना दाखवायचं होतं, मार्क त्यावरच. गुरुवारी फडकं बादलीवर टाकून ती कॉलेजला गेली. मला वाटलं, कण तर दिसत नाहीत, मग हा काळा रंग मळाचाच. साबण लावून आपटलं, पांढरं करून वाळत घातलं.

ती आली आणि दोरीकडं बघतच राहिली.

"आजोबा, हे धुतलं?"

"मग? लाज वाटावी इतकं काळं होतं."

पोरगी जिन्यात बसून रडायला लागली. नॅनोकणांची पूड सरांनी चिमूटभरच दिली होती, दुसरी मिळायची नव्हती. बायकोच्या मयतीला मी रडलो नव्हतो, पण तिथं डोळे पुसत तिच्याशेजारी पायरीवर बसलो.

"कसली होती पूड?"

"कार्बनची. काजळीसारखी."

"मग काजळीच धरू की! तुझी आजी धरायची. तान्ही होतीस तेव्हा तिचंच काजळ तुझ्या डोळ्यांत."

ती नाक पुसत म्हणाली, "काजळीचे कणही तसेच बारीक असतात, आजोबा."

एरंडेलाचा दिवा लावला, वर तांब्याचं ताट उपडं धरलं. ज्योत ताटाला टेकेल इतकी जवळ हवी, वारा नको, हे बायकोला बघून ठाऊक होतं. केलं कधी नव्हतं. पहिल्यांदा बोट भाजलं. जमली तेवढी काजळी तिनं फडक्याला चोळली.

शुक्रवारच्या उन्हात सरांच्या पुडीइतकं पाणी निघालं नाही, पण नुसत्या पाण्यापेक्षा चांगलंच जास्त निघालं. शनिवारी तिनं सरांना सगळं खरं सांगितलं आणि लगेच मला फोन केला.

"आजोबा, सर हसले, पण पास केलं! काजळी अजून तपासायची म्हणतात. वाटीभर आणायला सांगितलीय."

"वाटीभर? तुझ्या आजीनं जन्मात तेवढी धरली नसेल. सरांना म्हणावं, तुम्हीच येऊन बसा दिव्यापाशी."

फोन ठेवला, चपला घातल्या आणि एरंडेल आणायला निघालो.