नखत्राण्याच्या पुढे, पवनचक्कीपाशी डावीकडे

आमची केतकी कच्छमध्ये पवनचक्क्या दुरुस्त करते. आता तिच्या कंपनीने तिला आमच्या बडोद्यातच नोकरी देऊ केली होती. अलकापुरीतल्या ऑफिसात बसून, स्क्रीनवरून त्याच पवनचक्क्यांवर लक्ष ठेवायचं. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. "आई, मला ठरवता येत नाहीये. तुम्ही एकदा येऊन बघा तरी," ती फोनवर म्हणाली. काय सांगायचं ते माझं ठरलेलंच होतं: ये घरी. नंदेसरीच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेल्या ह्यांचंही तेच मत. शुक्रवारी पहाटे आम्ही नागरवाड्यातून गाडी काढली.

अहमदाबाद बाजूला ठेवून विरमगाम, हळवद आणि मग सूरजबारीचा पूल. रस्ता झकास आहे, टोलनाके मात्र बरेच. पाणी आणि पेट्रोल हळवदलाच भरून घ्या. पूल ओलांडला की मिठाचे पांढरे ढीग सुरू होतात. भचाऊजवळ धाब्यावर बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, म्हणजे आपलं भरीत, आणि हवं तितकं ताक मिळालं. उन्हाळ्याच्या शेवटी जात असाल तर डोक्याला पक्कं बांधून जा. माझा स्कार्फ तिथेच उडाला.

केतकीने पत्ता कळवला होता: नखत्राण्याच्या पुढे, पवनचक्कीपाशी डावीकडे. पुढे गेल्यावर बघतो तर जिकडेतिकडे पवनचक्क्या. चहाच्या टपरीवर विचारलं, तर टपरीवाल्याने शांतपणे उलट विचारलं, "कई पवनचक्की, बेन?" कुठली म्हणून सांगणार? मग ह्यांनी स्वतःच खूण ठरवली: जिचं तोंड आपल्याकडे आहे ती. डावीकडे वळलो, बाभळीत रस्ता संपला, परत फिरलो. तोवर वाऱ्याची दिशा बदलली होती आणि सगळ्यांची तोंडं हळूहळू भलतीकडे वळली होती. शेवटी ह्यांनी फोन लावला.

"बाबा, खांबावरचा नंबर वाचा," केतकी हसत म्हणाली.

ती राहते ते घर राणीबेनचं. संध्याकाळी अंगणात बसलो होतो. केस उडत होते, कपडे दोरीवरून निसटत होते, पण समोरचे तीन पंखे ढिम्म उभे.

"वारा आहे, मग हे बंद का?" मी केतकीला विचारलं.

"वीज वाहून नेणाऱ्या लाइनीत जागा नाही. वरून थांबवायला सांगितलंय."

"वीज लोकांना नको आहे?"

"हवी आहे गं. पण इथून तिथपर्यंत जाणार कशी?"

वारा वाहतो, पाती फिरतात, वीज तयार होते, एवढंच मी आठवीच्या मुलांना शिकवते. राणीबेनला विचारलं, पाती फिरतात त्या आवाजाचा त्रास होत नाही का? आधी झोपच लागायची नाही, ती म्हणाली. "हवे बंध थाय तो जागी जाउं छुं." आता आवाज थांबला की जाग येते. मग या पवनचक्क्या आल्या ते चांगलं झालं की वाईट? तिने जरा विचार केला. "खबर नथी, बेन."

शनिवारी सकाळी वारा पडला होता. एका पवनचक्कीचं वाऱ्याची दिशा सांगणारं उपकरण बिघडलं होतं, ते बदलायला केतकी आणि तिचा सहकारी निघाले. तिच्या साहेबांनी आम्हाला कुंपणाबाहेर, बऱ्याच अंतरावर उभं राहू दिलं. शिडी खांबाच्या आत असते, त्यामुळे कितीतरी वेळ काहीच दिसत नाही. मग खांबाच्या टोकावरच्या यंत्राच्या पेटीच्या छतावर एक नारिंगी ठिपका उगवला. ठिपका वाकला, सरकला, पुन्हा वाकला. ह्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. भीती वाटत होती आणि नजरही हटत नव्हती. ठिपक्याने हात हलवला. मीही हलवला. तिला दिसला असेल का, कोण जाणे.

खाली आली तेव्हा घामाने चिंब, गालाला ग्रीस. इतकी सुंदर ती मला कधीच दिसली नव्हती. मी पाण्याची बाटली पुढे केली. बाटलीभर पाणी पिऊन तीच म्हणाली, "मी ऑफिसचं काम घेते. येते घरी."

"का?" मीच विचारलं.

"वरून तुम्ही दोघं दिसत होतात. आज पहिल्यांदाच माझे हात थरथरले. थरथरत्या हातांनी वर काम करता येत नाही."

"आम्ही नसतो आलो तर?" ह्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

परतीच्या वाटेवर भुजला थांबून दाबेली खाल्ली. नखत्राण्यात साधी, स्वच्छ खोली मिळते. तुम्ही जाणार असाल तर एक मुक्काम तरी कराच, आणि कुंपणाच्या आत शिरू नका. गाडीत हे म्हणाले, "आपल्याला हवं होतं तेच झालं ना?" मी हो म्हटलं.

केतकी आता अलकापुरीला जाते, संध्याकाळी वेळेवर घरी येते, गरम पोळी खाते. काल सांगत होती, तिकडे कच्छात दिवसभर जोराचा वारा होता, सगळ्या मशिनी छान चालल्या. बोलत होती माझ्याशी, पण बघत होती खिडकीबाहेर. आमच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. मी पोळी वाढली आणि अजून एक हवी का म्हणून विचारलं. दुसरं काय विचारायला हवं होतं, ते मला कळलं नाही.