टाके पक्के होते

सोल्डरचा टाका मारला की नरसय्या त्यात मागाच्या सुताचा तुकडा अडकवून ओढायचा. टाका हलला तर स्वतःलाच शिवी हासडायचा. "हे वर जाणार, सर. तितं कोण जाऊन सोल्डर करणार?"

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात तो प्रयोगशाळेत मेकॅनिक होता. घर विणकरांचं, त्यामुळे बोटं बारीक आणि राग नाकावर. मी तरुण प्राध्यापक. एका लहान उपग्रहावर अवकाशातले कण मोजणारं यंत्र बसणार होतं, त्याचं सर्किट आमच्याकडे आलं होतं. कपाटाएवढी जुळणी साबणाच्या वडीएवढी करायची होती. मला ती त्याहून लहान हवी होती. माझं नाव व्हावं म्हणून, दुसरं काही नाही.

"जास्त व्होल्टेजची तार इतकी जवळ नको," नरसय्या भडकला. "बोटभर जागा सोडा की!"

"ज्वारीच्या दाण्याएवढी जागा नाही इथं. सांगतो तेवढं करा."

"तुमी लई शिकलेले, सर. पण तारेला ते ठाऊक न्हाय."

शेवटी त्यानं माझ्या आराखड्याप्रमाणे केलं. चाचणीसाठी सर्किट बंद डब्यात ठेवून आतली हवा काढत गेलो आणि त्याच तारेवरून निळी ठिणगी उडाली. सर्किट जळलं. विरळ हवेत ठिणगी सहज उडते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो.

"चूक कुणाची?" प्राचार्यांनी विचारलं.

"टाके कच्चे होते," मी म्हणालो. नरसय्या दारातच उभा होता.

त्याची नोकरी गेली. जाताना त्यानं जळलेलं सर्किट माझ्या टेबलावर आपटलं, एका टाक्यात सूत अडकवलं आणि टोक माझ्या हातात दिलं.

"वढा."

मी ओढलं. सूत तुटलं. टाका हलला नाही.

"आता सांगा की, कच्चा कोण?"

मी सर्किट उचलून खणात टाकलं. स्वतःची मला आजही चीड येते. तो भावाच्या मागावर बसला; सोल्डरची कांडी त्यानं पुन्हा हातात धरली नाही. रस्त्यात भेटला तर थुंकून पुढं जायचा. बरोबरच होतं ते.

यंदा तो गेला. मी घरी गेलो आणि त्याच्या मुलाला म्हणालो, "टाके पक्के होते. चूक माझी होती."

"आमाला ठाऊक हाय, सर," तो म्हणाला. त्यानं बसाही म्हटलं नाही. "ज्यांना खोटं सांगितलं, त्यांना जाऊन सांगा."

प्राचार्य निवृत्त होऊन शहरातल्याच जुळे सोलापूर भागात राहतात. घर मला माहीत आहे.