मथुराक्काच्या नावची जागा

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मथुराक्का जांभळी इरकल नेसून बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या घराच्या व्हरांड्यात बसली होती. फाटकापाशी तिचा धाकटा भाऊ सुधींद्र गाडीला शेवटचा हात फिरवत होता. बॉनेटवर झेंडूचा हार, आरशांना बांधलेली केळीची रोपं, चारी चाकांखाली लिंबं. त्याच्या बायकोनं, अनुषानं, गाडीला ओवाळलं. सुधींद्रनं गाडी वीतभर पुढं घेतली तशी लिंबं फुटली, आणि मथुराक्कानं बसल्या जागेवरून हात जोडले. कागदोपत्री गाडी तिचीच होती. अपंगांना मिळते ती करातली सवलत घेऊन सुधींद्रनं ती तिच्या नावावर घेतली होती.

पोलिओनं तिचे पाय लहानपणीच घेतले होते. तरीही पायांना लोखंडी कॅलिपर चढवून, काखेत कुबडी घेऊन तिनं पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात निम्मं आयुष्य काढलं. ट्रान्सफॉर्मरसाठी तांब्याच्या तारेच्या कॉइली गुंडाळायचं काम. बायका ओळीनं बसायच्या, मशिनांचा खडखडाट असा की शेजारणीशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. दुपारी डबे उघडले की हिच्या मेतकूट-भातावर सगळ्यांची झडप, आणि हिची नजर शेजारच्या मशिनावरच्या सरोजम्माच्या मुद्देवर, नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यावर. घरात ती ‘बिचारी अक्का’ होती. कारखान्यात कुणी तिला बिचारी म्हटलं नव्हतं. तिथं तिला रागवायचे, चिडवायचे, कॉइल बिघडली तर परत तिच्या पुढ्यात आणून आदळायचे.

पन्नाशी उलटल्यावर हातापायांतली होती तीही ताकद ओसरायला लागली. कुबडी गेली, चाकाची खुर्ची आली, आणि पीण्या सुटलं. त्यानंतर दुपारी घर शांत झालं की तिला तो खडखडाट आठवायचा. आठवायचा म्हणजे कानांत वाजायचाच. अनुषानं मिक्सर लावला की ती उगीच मान वर करून बघायची.

गाडी आली तेव्हा सुधींद्र म्हणाला होता, “अक्का, आता तुला कुठं जायचं ते सांगायचं फक्त.” आणि सुरुवातीला त्यानं नेलंही. लालबागेत नेलं, जयनगरच्या आत्याकडं नेलं, एका मोठ्या मॉलमध्ये नेलं. मॉलच्या तळघरात रखवालदारानं तिचं अपंगत्वाचं कार्ड पाहिलं, लिफ्टच्या अगदी तोंडाशी निळ्या खुणेची जागा होती तिथला अडसर उचलला आणि गाडी आत घेतली. बेंगळुरात गाडी लावायला जागा मिळणं ही काय चीज आहे ते सुधींद्रला ठाऊक होतं. त्या दिवशी त्यानं लहान मुलासारखं हसून तिच्याकडं पाहिलं.

तेव्हापासून कार्ड गाडीतच राहिलं. ते पुढच्या काचेआड ठेवलेलं असे, फोटो बाहेरच्या बाजूला करून. शेजारी एक चिठ्ठी, तिच्या फोन नंबराची. मथुराक्काला नेणं मात्र हळूहळू कमी झालं. खुर्ची घडी करा, डिकीत घाला, तिला उचलून बसवा, परत काढा. सुधींद्रची पाठ दुखायची, अनुषाला वेळ नसायचा. कुणी नाही म्हणत नव्हतं. पुढच्या रविवारी, म्हणायचे.

“अक्का, तुझ्या कार्डामुळं आज दारातच जागा,” असं सुधींद्र पहिल्यांदा येऊन म्हणाला तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. आपलं काहीतरी कुणाच्या तरी उपयोगी पडलं. मग ती विचारायची, “कुठल्या मजल्यावर गेला होतास? साड्यांचं ते दुकान अजून आहे काय? आतलं कारंजं चालू होतं?” तो स्वयंपाकघरात पाणी पीत पीत सांगायचा. पुढं त्यानं बेळ्ळंदूरच्या ऑफिसातही तेच सुरू केलं. तिथला रखवालदार ओळखीचा झाला होता, कधी काही विचारत नव्हता. बेळ्ळंदूर मथुराक्कानं कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा फोटो रोज तिथं जाऊन उन्हात बसायचा. एकदा तिनं कार्ड हातात घेऊन पाहिलं तर तिचा चेहरा पार फिकुटला होता. त्यानंतर तिनं मजले आणि कारंजी विचारायचं सोडलं.

आयुधपूजेच्या आधी सरोजम्माचा फोन आला होता. “मथुरा, यंदा ये बघ पूजेला,” ती कन्नडात म्हणाली. “मालकांनी जुन्या सगळ्यांना जेवायला बोलावलंय. पुढच्या वर्षी मीही नाही, रिटायर होते.” मथुराक्कानं त्याच संध्याकाळी सुधींद्रच्या कानावर घातलं. “सरी, नेतो की,” तो म्हणाला. आदल्या दिवशी तिनं बसल्या बसल्या चिरोटे लाटले, तळले, साखर भुरभुरून डब्यात भरले.

आणि आता गाडीची पूजा आटोपल्यावर सुधींद्र किल्ली फिरवत व्हरांड्याशी आला. “अक्का, स्वल्प थांब. अनुषाला ऑफिसातल्या लोकांसाठी मॉलमधनं मिठाईचे डबे घ्यायचेत. एवढ्यात येतो, मग सरळ पीण्या.”

“मीही येते की. तिथनंच जाऊ पुढं.”

“तुला उतरवा, परत चढवा... तू कशाला दमतेस? आपली जागा आहेच तिथं. गेलो आणि आलो.”

“सरी,” मथुराक्का म्हणाली.

गाडी झेंडूचा हार हलवत निघून गेली. मांडीवर डबा घेऊन ती बसून राहिली. समोरच्या घरातल्यांची स्कूटरची पूजा झाली. कोपऱ्यावरच्या गॅरेजपुढं कोहळा फोडला, त्याचे तुकडे गाईनं येऊन खाल्ले. ऊन व्हरांड्यात आलं, तशी तिनं खुर्ची मागं घेतली. पूजा आता उरकली असेल, पानं मांडली असतील, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“मथुरा मॅडम काय?” कुणी पुरुष कन्नडात बोलत होता. “मी मॉलच्या पार्किंगमधनं बोलतोय. तुमच्या कार्डापाशी हा नंबर होता. तुम्ही कधी निघणार, मॅडम? इथं आणखी एक अम्मा आल्यात, चाकाच्या खुर्चीतल्या. मोकळी जागा नाही, आणि बाहेर रस्त्यावर त्यांना उतरवता येईना.”

मथुराक्कानं विचार केला नाही. भावावर काही येऊ नये, एवढंच असेल कदाचित. ती म्हणाली, “मी आत आहे. वर, साड्यांच्या दुकानात.”

असं म्हणाली आणि तिला ते दुकान दिसलं. काचेमागच्या साड्या, वरून सुटलेला थंड वारा, पायांशी लखलखीत फरशी. पुढ्यात दुकानदार इरकली उलगडतोय. क्षणभर ती खरोखरच तिथं होती.

“कुठलं दुकान, मॅडम? मी लिफ्टनं वर येतो,” तो माणूस म्हणाला. “आज गर्दी फार आहे. खुर्ची तुम्हाला एकटीला नाही जमणार. मी ढकलत आणतो.”

फोनमध्ये मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, “अरे, घाई करू नको त्यांना. किती दिवसांनी बाहेर पडल्या असतील. बघू दे सावकाश. मी बसते.”

मथुराक्कानं फोन दुसऱ्या कानाला लावला. “हे बघा,” ती म्हणाली, “मी तिथं नाही. मी घरी आहे, राजाजीनगरला. गाडी माझ्या भावानं आणलीय.”

मग तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही आलाच नाहीत.”

“नाही. गाडी काढायला लावा त्याला. त्या अम्मांना आधी आत घ्या.”

“मॅनेजरना सांगावं लागेल, मॅडम. ते तुमच्या भावाला सोडणार नाहीत लवकर.”

“सांगा.”

सुधींद्रला आपण कधी असं उघडं पाडलं नव्हतं. लहानपणी त्यानं फोडलेल्या काचेचा आळही तिनं स्वतःवर घेतला होता, कारण तिला मार बसत नसे. येणं होत नाही असं सांगायला तिनं सरोजम्माला फोन लावला. सांगताना तिला रडू आलं, ते तिनं लपवलंही नाही.

“थांब तिथंच,” सरोजम्मा म्हणाली. “कुठं जाऊ नकोस.” ती काय बोलली ते लक्षात येऊन दोघीही हसल्या.

कारखान्याचा टेम्पो आला तोही केळीची रोपं बांधूनच. चालवायला तिथला ड्रायव्हर गिरीराज, आणि त्याच्या शेजारी सरोजम्मा, डोक्यात मोगरा, पायांत चपलाही न घालता तशीच निघालेली. दोघांनी मिळून मथुराक्काला उचलून पुढं बसवलं, खुर्ची मागं दोरीनं बांधली. घराची किल्ली शेजारी दिली. सुधींद्रला तिनं एवढाच निरोप पाठवला की मी पीण्याला गेले. उड्डाणपुलावरून जाताना वारा तोंडावर येत होता आणि ती दोन्ही हातांनी डबा धरून बसली होती.

पोचेपर्यंत पंगती उठल्या होत्या. बरेच जण घरी गेले होते. जे उरले होते त्यांतले निम्मे तिला ओळखत नव्हते. मालकांनी येऊन नमस्कार केला, तब्येत विचारली. सरोजम्मानं राखून ठेवलेलं पान वाढलं, आणि चिरोटे बघता बघता संपले. मग सरोजम्मानं तिची खुर्ची आत नेली.

ओळीतली जुनी मशिनं गेली होती. त्यांच्या जागी करड्या रंगाची, काचेची झाकणं असलेली नवी होती. मथुराक्काचं मशिन एका भिंतीशी लावून ठेवलेलं, पण त्यालाही गंधाची बोटं ओढली होती, शेवंतीची माळ घातली होती. तिनं त्याच्या चाकावर तळवा ठेवला. व्हार्निशचा वास तोच होता. बायका बसायच्या ती स्टुलंही तीच होती. आवाज तेवढा नव्हता.

“एकदा चालू करून बघू काय?” तिनं विचारलं.

“आज?” सरोजम्मानं तिच्याकडं वेड्यासारखं पाहिलं. “आज मशिनाला हात लावतात काय, मथुरा? आज त्यांची सुट्टी.”

हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? कितीतरी पूजा तिनं इथं केल्या होत्या. पण घरी बसून जेव्हा जेव्हा तिनं आजचा दिवस मनात आणला, तेव्हा तेव्हा मशिनं चालू होती, आणि सरोजम्मा तिच्या कानाशी तोंड आणून काहीतरी ओरडून सांगत होती. आता सरोजम्मा अगदी हळू आवाजात बोलत होती आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता.

उन्हं कलताना सुधींद्र आला. एकटाच. त्यानं आधी सगळ्यांना नमस्कार केला, तीर्थ घेतलं, आणि मग खुर्चीशी येऊन उभा राहिला.

“सगळ्यांसमोर माइकवर गाडीचा नंबर पुकारला, अक्का,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “मॅनेजरनं किती वेळ बसवून ठेवलं. तू सांगायला नको होतंस.”

“आधी मी खोटंच सांगितलं. आत आहे म्हटलं.”

“मग?”

“तो म्हणाला, मी वर येतो, तुमची खुर्ची ढकलतो.”

भिंतीशी ठेवलेल्या त्या मशिनाकडं सुधींद्रनं पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच पाहत होता. मग म्हणाला, “त्या अम्मांना उतरवायला मीच हात दिला. त्या मला विचारत होत्या, तुझी अक्का कुठाय, साडी मिळाली का तिला.”

“तू काय सांगितलंस?”

“काही नाही.” त्यानं खिशातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते पर्समध्ये ठेवलं.

पुढं कार्ड तिच्याकडंच राहिलं. बेळ्ळंदूरला सुधींद्र गाडी लांब कुठंतरी लावायचा, वीस मिनिटं चालायचा आणि घामेजून घरी यायचा. काही दिवस त्यानं अबोला धरल्यासारखं केलं, अनुषानंही ताट वाढताना भांडं जरा जोरात ठेवलं. मग ते विरलं. कार्ड जाईल तिथं मथुराक्का जाते, असा घरात न ठरवताच नियम झाला. महिन्यातून एखादा रविवार तिच्या वाट्याला यायला लागला. मॉलमध्ये ती एकदाच गेली, साड्या पाहिल्या, घेतली एकही नाही. तो रखवालदार तेव्हा ड्यूटीवर नव्हता.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी सुधींद्रनं विचारलं, “अक्का, आज कुठं?” तिनं दासरहळ्ळीचं नाव घेतलं. सरोजम्मा तिथं एका चिंचोळ्या गल्लीत राहायची. आता ती रिटायर झाली होती. गाडी आत जाईना, तेव्हा सुधींद्रनं खुर्ची गल्लीभर ढकलत नेली, दारात सोडली, आणि येतो म्हणून गाडीकडं परतला.

सरोजम्मानं कॉफी केली. मुलगा कामावर, सून माहेरी. घर इतकं शांत की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

“झोप येत नाही गं,” सरोजम्मा म्हणाली. “दुपारी तर फार सुनं वाटतं. तुला असं व्हायचं काय सुरुवातीला?”

“अजून होतं,” मथुराक्का म्हणाली.

सरोजम्मानं स्टूल ओढून तिच्या खुर्चीला अगदी चिकटवून घेतलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लागली. घरात दुसरं कुणीही नव्हतं. मथुराक्का मान कलती करून ऐकत राहिली. गल्लीच्या तोंडाशी सुधींद्र वाट पाहत होता. त्याचा फोन एकदा येऊन गेला, तो तिनं उचलला नाही.