डाव्या विंगेतलं स्टूल

आमची ही सव्वीस वर्षं नाटकात आहे, असं मी सांगितलं की समोरचा माणूस डोळे मोठे करून विचारतो, "काय करतात?" मी म्हणतो, "प्रॉम्प्टर." मग तो "अच्छा" म्हणतो आणि हवापाण्याच्या गप्पांवर येतो. तो पडलेल्या आवाजातला "अच्छा" मला आता पाठ झालाय. नट बोलता बोलता विसरला की विंगेतून त्याला शब्द पुरवायचा, हे तिचं काम. ते नीट झालं तर झालंय हे कुणाला कळतच नाही. मी विद्यापीठाच्या देखभाल खात्यात प्लंबर होतो, त्यामुळे मला याचं फारसं नवल वाटत नाही. नळ गळायला लागेपर्यंत आमचंही नाव कोण काढत होतं?

आमच्या विद्यापीठाच्या नाट्यगृहात दरवर्षी चार नाटकांचा हंगाम होतो. थंडी पडायला लागली की पहिलं, परीक्षेच्या तोंडावर चौथं. प्रत्येकाचे तीन प्रयोग, तेही दुपारी चारला, कारण लांब राहणाऱ्या मुलांची शेवटची बस सातला सुटते. सव्वीस हंगाम धरले तर एकशे चार नाटकं झाली. प्रत्येक नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला मी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर कान टवकारून बसलोय, हिचा आवाज ऐकू येतो का बघायला. घरी मी "अगं, ते आपलं..." एवढं म्हणायचा अवकाश, "पक्कड ना? खालच्या खणात" असं उत्तर हजर असतं. माझं एक वाक्य मला पुरं करू देईल तर शपथ. नाट्यगृहात मात्र चिडीचूप. इतक्या वर्षांत फक्त एकदा मला तिचा आवाज आला, आणि तो आला नसता तर बरं झालं असतं.

ती मुळात नाट्यविभागाच्या कार्यालयात टंकलेखिका. तिथल्या बेसिनचा पाइप फुटला म्हणून मला बोलावलं आणि मी तो जरा जास्तच दिवस दुरुस्त करत बसलो, हा आमच्या लग्नाचा इतिहास. नाटकांच्या संहिता तीच टंकायची, तीन-तीन कार्बन घालून. एका प्रयोगाच्या दिवशी प्रॉम्प्टर तापाने फणफणला. तेव्हाचे विभागप्रमुख, ज्यांना सगळं विद्यापीठ नुसतं 'मोठे सर' म्हणतं, ते कार्यालयात आले आणि म्हणाले, "बाई, हे नाटक तुम्हीच टंकलंय ना? मग चला, तुम्हीच बसा." डाव्या विंगेत एक तीन पायांचं स्टूल आणि निळा कागद लावलेला छोटा दिवा होता. ती तिथे बसली ती बसलीच.

दुसऱ्या हंगामात तो घोळ झाला. मोठे सर स्वतः काम करत होते. एका प्रवेशात ते पाठमोरे होऊन गप्प उभे राहिले. हिला वाटलं, विसरले. हिने पुढचं वाक्य दिलं, तेही चांगलं खणखणीत. सर विसरले नव्हते, ते थांबले होते. रडवणारा प्रसंग होता आणि अख्खं नाट्यगृह खो-खो हसलं. मीही हसलो. नवीन नवीन लग्न झालं होतं, अक्कल बेताची होती, शेजारचे हसले म्हणून हसलो. घरी आल्यावर ती जेवली नाही. मी हसलो होतो हे काही मी तिला सांगितलं नाही, आणि ते मनात ठसठसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने प्रॉम्प्टिंग सोडते असं पत्र टंकून सरांपुढे ठेवलं. सरांनी ते वाचलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नाटकातल्या दुरुस्त्या लिहायला घेतल्या. लिहिता लिहिता म्हणाले, "थांबणं आणि विसरणं बाहेरून सारखंच दिसतं, बाई. फरक नटाच्या अंगात असतो. तो बघायला शिका."

आणि ही शिकली! मला सांगायला अभिमान वाटतो, ती जसं शिकली तसं कुठे कुणी शिकलं नसेल. ती प्रत्येक तालमीला बसायला लागली. संहितेत जिथे नट मुद्दाम थांबतो तिथे लाल पेन्सिलीचा ठिपका आणि किती आकडे मोजेपर्यंत थांबतो ते. शिवाय एक वही. त्यात प्रत्येक नटाला एक पान, आणि तो विसरला की काय करतो याची नोंद. कुणी हसतो. कुणी आपलंच आधीचं वाक्य दुप्पट जोराने म्हणतो. भूगोलाचे एक प्राध्यापक हौसेने काम करतात, ते विसरले की खोकतात. वहीत लिहिलंय, "दोन खोकले: विसरले. एक खोकला: खरा खोकला."

मग आवाज. कुजबुजायचं नाही, कारण कुजबुजीतला 'स' आणि 'श' थेट मागच्या रांगेपर्यंत जातो. खालच्या पट्टीत, गोल आवाजात, फक्त पहिला शब्द, आणि नट श्वास घेतो नेमका त्या क्षणी. याचा सराव आमच्या स्वयंपाकघरात चालायचा. नळ सोडून ती ओट्याशी उभी राहायची, मी दारात. ऐकू आलं की मी हात वर करायचा. पाण्याचं वाटोळं होतंय म्हणून माझ्यातला प्लंबर तळमळायचा, पण हात खाली राहायला लागला तसा मीही गप्प बसलो. आमची लेक तर विंगेतल्या जुन्या पडद्यांच्या ढिगावर झोपून मोठी झाली. अजून ती माहेरी आली की दार लावताना आवाज होऊ देत नाही.

हा हंगाम तिचा शेवटचा. चौथं नाटक संपलं की पंधरा दिवसांत ती निवृत्त होणार. मी गेल्या वर्षीच झालो. मोठे सर तर दहा वर्षांपूर्वीच, पण दरवर्षी चौथ्या नाटकात एक भूमिका त्यांची ठरलेली. गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, चालायला काठी लागली तेवढीच, पण शब्द निसटायला लागले. खुर्ची म्हणायला जावं आणि खिडकी तोंडात यावी. तरी ते तालमीच्या पहिल्या दिवशी काठी टेकत हजर. यंदाच्या नाटकातल्या म्हाताऱ्या न्यायाधीशाची भूमिका मीच करणार म्हणाले.

दिग्दर्शिका त्यांचीच विद्यार्थिनी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, लोक तुम्हाला हसलेले मला बघवणार नाहीत."

सरांनी तिथल्या तिथे अट घातली. "पहिल्या प्रयोगात प्रॉम्प्टरचा आवाज एकदा जरी प्रेक्षकांत गेला, तर पुढचे दोन प्रयोग मी करणार नाही. पुन्हा कधीच रंगमंचावर येणार नाही. भूगोलवाले करतील माझं काम." भूगोलवाल्यांनी तोपर्यंत अख्खी भूमिका पाठ करूनही टाकली होती. जिन्यात भेटले तरी ते न्यायाधीश असायचे.

सगळा भार असा हिच्यावर येऊन पडला. त्या रात्री तिने वही उघडून माझ्यापुढे धरली. मोठ्या सरांचं पान कोरं होतं.

"पंचवीस वर्षांत हा माणूस एकदाही विसरला नाही हो," ती म्हणाली. "विसरल्यावर काय करतात ते मला कुठून कळणार?"

"विचार ना त्यांनाच."

"त्यांना तरी कुठे माहीत असणार? आणि कळलं तर लपवतील. नट आहेत ते."

सहा आठवडे हातात होते. तालीम संपली की ती सरांच्या घरी जाऊन समोर बसायची, ते म्हणायचे, ती बघायची. चौथ्या आठवड्यात एक दिवस ती घरात शिरली ती चप्पल न काढताच. "सापडलं! अंगठा!" सर मुद्दाम थांबले की काठीच्या मुठीवरचा अंगठा दगडासारखा स्थिर असतो. विसरले की तोच अंगठा मूठ चोळायला लागतो. तिने दिग्दर्शिकेला सांगून काठी डाव्या विंगेच्या बाजूच्या हातात द्यायला लावली, न्यायाधीशाची खुर्ची हातभर विंगेकडे सरकवून घेतली, आणि सरांना यातलं अवाक्षर कळू दिलं नाही.

खरी भीती तिसऱ्या अंकाची होती. ज्या माणसाला चुकीने तुरुंगात धाडलं, त्याच्या दारात न्यायाधीश इतक्या वर्षांनी येऊन उभा राहतो. तो माणूस विचारतो, "का आलात?" मग न्यायाधीश थांबतो. मग दोन शब्द, "माझं चुकलं." ठिपक्याशेजारी आकडा होता अकरा.

पहिल्या प्रयोगाला पायऱ्यांवरसुद्धा माणसं बसली होती. मी माझ्या खुर्चीवर. दोन अंक झाले. सर काठी टेकत आले, बसले, चिडले, हसले, आणि मला हिचा आवाज म्हणून आला नाही. मला वाटलं, वा, म्हातारा आज फॉर्मात आहे, हिला काही कामच नाही. तिसऱ्या अंकाआधी मी उठून माझं नेहमीचं काम केलं. रंगमंचामागच्या स्वच्छतागृहाची टाकी भरताना दमेकऱ्यासारखी धापा टाकते. तिचा व्हॉल्व्ह प्रयोग संपेपर्यंत बंद केला, दारावर 'बंद आहे'ची पाटी अडकवली आणि जागेवर येऊन बसलो. निवृत्त झालो तरी त्या व्हॉल्व्हची चावी मी कुणाला दिलेली नाही.

"का आलात?" त्या माणसाने विचारलं.

सर गप्प उभे. मी मोजायला लागलो. आठ, नऊ, दहा, अकरा. बारा. पंधरा. पहिल्या रांगेत भूगोलवाल्यांचे ओठ हलताना मला कडेने दिसत होते, "माझं चुकलं, माझं चुकलं." मागच्या दाराशी दिग्दर्शिका पदर तोंडाशी धरून उभी. अठरा. काठीचा हात पलीकडच्या बाजूला, आम्हाला तो दिसत नव्हता. मी मनात ओरडत होतो, "अगं दे! दे ना शब्द! गेला ना म्हातारा!" वीस. नाट्यगृहात सहाशे माणसं आणि टाचणी पडली तरी ऐकू आली असती. बावीस. डाव्या विंगेतून काही नाही. काही म्हणजे काहीच नाही.

तेविसाव्या आकड्याला सरांनी मान वर केली आणि म्हणाले, "माझं चुकलं."

माझ्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ होते, ते हमसून रडले. पडदा पडल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि माझा जीव आत्ता कुठे भांड्यात पडला होता.

मी विंगेत गेलो तेव्हा ती दिव्यावरचा निळा कागद नीट करत होती. तेवढ्यात सर आले, घामाने निथळत. मला म्हणाले, "काय प्लंबरसाहेब, तिसऱ्या रांगेत किती वेळा ऐकू आला आवाज?"

"एकदाही नाही, सर."

"सात वेळा दिला हिने मला शब्द. सात वेळा! पहिल्या अंकात तीन, दुसऱ्यात चार." ते हिच्याकडे वळले. "आणि शेवटी नाही दिलात. मला आज तिथे जरा जास्त उभं राहावंसं वाटलं. वाटलं, बाई राहू देतील." त्यांनी काठी बगलेत धरली आणि तिला दोन्ही हात जोडले. ती एवढी लाजली की संहिता उलटी धरून चाळायला लागली. मी तिथे उभा होतो आणि माझी छाती अशी भरून आली की शर्टाची बटणं राहतात की जातात. सव्वीस वर्षांत लोकांचे जेवढे "अच्छा" गिळले होते, त्या सगळ्यांची फिटंफाट झाली.

बाहेर अजून उजेड होता. मुलं बसकडे पळत होती आणि पळता पळता सरांच्या त्या थांबण्याबद्दलच बोलत होती. आम्ही चालत निघालो.

"तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की. घशापर्यंत आला होता शब्द. पण अंगठा हलला नाही."

थोडं पुढे गेल्यावर मी थांबलो. म्हटलं, "अगं, ते दुसऱ्या हंगामात... तुझा आवाज गेला होता ना... तेव्हा मी..." आणि पुढे शब्द फुटेना. एरवी तिने माझं वाक्य तीनदा पुरं केलं असतं. आज ती नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. एक सायकल गेली, मुलांचा एक घोळका गेला, तरी ती काही बोलली नाही.

"तेव्हा मीही हसलो होतो," मी म्हणालो.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "नवऱ्याचं हसू ओळखू येणार नाही होय? सगळ्यात मोठ्यांदा तुम्हीच हसला होतात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगायचं होतं ते. मी कसं सांगणार?"

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, दोन पावलं पुढे गेली, आणि मागे न बघता, खालच्या पट्टीत, गोल आवाजात एकच शब्द म्हणाली, "व्हॉल्व्ह."

मी तसाच नाट्यगृहाकडे पळालो.