मामांनी अडवलेला हॉल

माझ्या बायकोच्या मामांइतका भिंतींशी अदबीने आणि माणसांशी फटकून वागणारा गृहस्थ बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मामा वालचंदनगरच्या पुढे एका वस्तीवर राहतात. सगळी हयात बांधकामांवर ओव्हरसियर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, नातवंडं खेळवतात. मामांनी नातेवाइकांची घरं तपासायला घेतली. त्यांच्या मोपेडला अडकवलेल्या पिशवीत ओळंबा, टेप, पातळी बघायची पाण्याची नळी आणि बांधकामाच्या नियमांचं एक जाडजूड पुस्तक असतं. या पुस्तकाला ते ‘कोड’ म्हणतात आणि हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नाहीत.

मामा कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, वर बघतात. मग एखाद्या खांबावर बोटाने टकटक करून त्याला कान लावतात. खांबाची प्रकृती ठीक वाटली तर खुर्चीत बसतात, नाहीतर अंगणात उभ्यानेच ‘बरं हाय ना समद्यांचं?’ म्हणून मोपेडला किक मारतात. एकदा कुणाचे तरी वडील, तात्या, वारले म्हणून दुखवट्याला गेले होते. घरात रडारड चाललेली, मामा मात्र दारातच थबकलेले. शेवटी थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत गहिवरून म्हणाले, ‘तात्या गेले ते वाईट झालं. पण आता ह्या सज्ज्याखाली कुणी बसू नगा.’ रडणारी सात-आठ माणसं तशीच नाक पुसत पलीकडे सरकली.

माझ्या लग्नातली गोष्ट तर आमच्याकडे अजून जेवणाच्या पंगतीत सांगितली जाते. अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, भटजी माईकवरून ओरडतायत, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!’ मुलगी आत तयार, मामाच गायब. मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा मामा सापडले ते मांडवाच्या मागे, कोट काढून, मांडववाल्याकडून खुंट्या पुन्हा ठोकून घेताना. ‘वारं आलं तर सगळा मांडव नवरदेवाच्या डोक्यावर येईल,’ असं त्यांचं म्हणणं. मंगलला ते अखेर मांडवात घेऊन आले खरे, पण एका हातात तिचा हात आणि दुसऱ्या हातात हातोडी. आमच्या अल्बममधल्या त्या फोटोत मी नवरा कमी आणि पुढची खुंटी जास्त वाटतो.

अशा माणसाच्या भाचीने घर बांधायला काढलं म्हणजे काय होणार, हे मला आधीच कळायला हवं होतं. मी बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर कामाला. जवळच कन्हेरीला ओढ्याकाठी जागा घेतली आणि मिस्त्री ठरवला रशीद, बारामतीतला नावाजलेला कारागीर. पायाचा पहिला खड्डा खणायच्या आत मामा हजर. रस्त्यापासून जोतं किती वर हवं हे त्यांनी स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवलं. मामा उंच आहेत. मी म्हणालो, ‘मामा, एवढ्या पायऱ्या चढून पाव्हणा दमेल.’ मामा म्हणाले, ‘दमू द्या. पाणी बी दमलं पायजे.’

खांबांच्या सळयांना रिंगा घालायच्या, तर रिंगांची टोकं आत वळवली नाहीत म्हणून मामांनी अख्खा पिंजरा सोडायला लावला. रशीदमिस्त्रीने विचारलं, ‘एवढ्यानं काय हुतंय मामा?’ मामांनी कामावरच्या दोघा गड्यांना एकमेकांचा हात धरायला लावला, आधी नुसती बोटं, मग घट्ट मूठ, आणि दोन्ही वेळा स्वतः मधून रेटा दिला. पहिल्या खेपेला एक गडी वाळूच्या ढिगात जाऊन बसला. ‘जमीन हालली की आसं हुतंय,’ मामा म्हणाले. त्या दिवसापासून रशीदमिस्त्री माझ्याशी मालक म्हणून आणि मामांशी सासरा म्हणून वागू लागला.

स्लॅब पडल्यावर तर मामांनी कहर केला. ‘बाळंतीण हाय ती. सवा महिना जपायची,’ असं जाहीर करून ते रोज वस्तीवरून येत, तिच्या अंगावर ओली गोणपाटं पांघरत आणि पाणी मारत. कुणी वर चपला घालून गेलं की खालून ओरडत. मंगल गमतीने म्हणाली, ‘मामा, डिंकाचे लाडू आणू का?’ तर त्यांनी क्षणभर खरंच विचार केला.

एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले! मला अंगणभर पेव्हर ब्लॉक घालायचे होते, गाडी धुवायला बरं. मामा म्हणाले, ‘मातीला नाक-तोंड ठिवा की जरा. पाणी मुरायचं कुठं?’ पश्चिमेला दोन कडुलिंब लावले, गच्चीला पांढरा चुना, गच्चीचं पाणी शोषखड्ड्यात आणि ओढ्याच्या काठाला ओळीने वाळ्याचे ठोंब. मी म्हणालो, ‘वाळा माठात घालतात, मामा.’ ते म्हणाले, ‘हितं माती धरतुया. तुमी माठ धरा.’

पण आमचं खरं बिनसलं ते सोफ्यावरून. घराच्या आधी मी सोफा घेऊन ठेवला होता. बारामतीच्या दुकानात पाहताक्षणी आवडला, कोपऱ्यात वळणारा, नऊ माणसं बसतील असा. नकाशात तो मावेना, म्हणून मी हॉल ओढ्याकडे आठ फूट सरकवायचा ठरवला. स्लॅबच्या पुढे खाली मुरूम, वर पत्रे टाकले की झालं. मामांनी टेप धरला, ओढ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘सोफा कापा.’

‘अहो मामा, त्या ओढ्यात बारा महिन्यांत कधी पाणी दिसत नाही!’

‘सुट्टीवर गेलाय त्यो. रिटायर न्हाय झाला. त्याची जागा हाय ती, कोडात बी लिवलंय.’

मिस्त्री ऐकत होता, गडी ऐकत होते, आणि गडी हसले. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘घर माझं आहे. तुम्ही मामा आहात, मालक नाही.’

मामांनी ओळंब्याचा दोरा नीट गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि ते निघून गेले. पुढे वास्तुशांतीला मंगलच्या माहेरचं झाडून सगळं माणूस आलं, आहेर आला, मामा आले नाहीत. मंगल दिवसभर हसून पंगती वाढत होती आणि मोपेडचा आवाज आला की दाराकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. फोन उचलून चार शब्द बोलायचे एवढंच काम होतं, पण जावयाचा मान नावाचं एक भलतंच जड सामान माझ्या डोक्यावर होतं.

गंमत म्हणजे हॉल ओढ्याकडे सरकलाच नाही. मी रोज सांगायचो, रशीदमिस्त्री रोज ‘व्हय मालक, आधी हिकडचं उरकू’ म्हणायचा, आणि एक दिवस पाहतो तर हॉलची भिंत मामांच्या खुणेवरच उभी. मिस्त्री म्हणाला, ‘तुमी रागावला तर एक दीस रागावाल. मामा रागावलं तर म्या धंदा कसा करू?’ मंगलही त्याला सामील होती, हे मला मागाहून कळलं. सोफ्याचे दोन तुकडे झाले. एक हॉलमध्ये, दुसरा खाली पोर्चमध्ये. पाव्हणे घरात अर्धे आणि बाहेर अर्धे बसत आणि एकमेकांशी खिडकीतून बोलत.

आणि मग पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी पाऊस झाला. पाऊस म्हणजे काय, आभाळच फाटलं. आधी वारं सुटलं आणि शेजारच्या आबांच्या घरावरचे पत्रे एकामागोमाग एक उठून उसाच्या फडात गेले. तासाभरात ओढा भरला. ज्या आठ फुटांत मला हॉल हवा होता, तिथून छातीएवढं पाणी धडधडत चाललं होतं. वाळ्याने काठ धरून ठेवला. पाणी आमच्या पायऱ्या चढलं, चार चढलं, आणि पाचवीवर थांबलं. पोर्चमधला अर्धा सोफा मात्र तरंगला, फाटकातून ऐटीत बाहेर पडला आणि आबांच्या दोन कोंबड्या बसवून कऱ्हा नदीच्या दिशेने गेला. तोवर अख्खी गल्ली आमच्या घरात आली होती. उरलेल्या अर्ध्या सोफ्यावर मी मोजली, चौदा माणसं बसली होती.

फोन बंद, रस्ता बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओसरलं आणि चिखलातून मोपेड ढकलत मामा आले. गुडघ्यापर्यंत माखलेले. फाटकाबाहेरच उभे राहिले. मंगल धावत गेली तर तिला म्हणाले, ‘फोन लागंना गं. समदी रात माझ्या डोक्यात एकच, कुठं काय माझं चुकलं तर न्हाय?’

मी आयुष्यात पहिल्यांदा मामांच्या तोंडून ‘चुकलं’ हा शब्द ऐकला. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या हट्टाला हसलो. तो हट्ट नव्हताच, ती आमच्या जिवाची काळजी होती, हे कळायला मला माझा सोफा वाहून जावा लागला. मी मनात वाक्य जुळवत पायऱ्या उतरलो, पण माझ्या आधी आबा पोचले.

‘पावणं, तुमीच बांधलं म्हणं हे घर? आमची समदी माणसं वाचली बघा.’

‘न्हाय,’ मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘घर जावयाचं हाय. मी मामा हाय, मालक न्हाय.’

त्यात टोमणा नव्हता. मी सांगितलं होतं ते त्यांनी खरं मानलं होतं, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मी म्हणालो, ‘आबा, घर मामांचंच आहे. आम्ही नुसते राहतो. मामा, चुकलं माझं. आत चला.’

मामा एकदम वर बघून खेकसले, ‘आत काय चला? गच्चीच्या पन्हाळीत पाला कुणी साठू दिला?’

मी वर पाहिलं. पन्हाळ स्वच्छ होती, पानसुद्धा नव्हतं तिच्यात. तरी मामा मान वर करून तिच्याकडे बघत राहिले, बराच वेळ, आणि आम्हीही सगळे त्यांच्याबरोबर वर बघत उभे राहिलो.