आत्याचा आराम

आत्या चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबून दुसरं ओढत होती. मी खाली बसून तिच्या स्टुलाच्या पायांना रबर लावत होते, हलू नये म्हणून.

"अगं, सिंहासन करतेस की काय?"

"गप बस. डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

"मग बसलेच आहे की!"

आत्यानंच मला वाढवलं. मी शाळा सोडली तेव्हा सगळे अंगावर आले. ही एकटी म्हणाली, "नाही जमत तर नाही जमत. चल माझ्याबरोबर." तेव्हापासून दोघी एकाच लाँड्रीत. मी मशीनवर, ती इस्त्रीवर. वीस वर्षं उभ्यानं. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चपलेचा पट्टा कातडीत रुतायचा.

मग तिला हार्ट अॅटॅक आला. दवाखान्यातून सुटताना सांगितलं, सहा आठवडे पूर्ण आराम. आमच्या लाँड्रीत आजारी माणसाला इस्त्रीवरून उठवून घड्या घालायच्या टेबलाशी बसवतात. कंबर धरलेला तिथंच, बाळंतपणाहून आलेली तिथंच. आमचा आराम तोच, दुसरा कुणी बघितलाच नव्हता. मालकही वाईट नाही. "ताई, बसा निवांत," म्हणाला आणि पंखा तिच्याकडे वळवला. एकदा ड्रायव्हरनं गाठोडं तिच्यापुढं आपटलं, तर मी ते उचलून त्याच्याच गाडीत फेकलं. वाटायचं, आत्याला जपावं तर मीच.

दिवसाला चारशे चादरी. बसून.

पाचव्या आठवड्यात तिला धाप लागायला लागली. तोंडही सुजलेलं.

"घरी चल."

"एवढा ढीग होऊ दे गं."

ढीग झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन हाक मारली, तर ती उठलीच नाही.

महिन्याभरानं मी दवाखान्यात गेले, भांडायलाच. चुकीच्या गोळ्या देऊन मारलंत म्हणून ओरडले. नर्सनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरी झोपूनच असायच्या ना?"

मी म्हटलं, "घरी कशाला? कामावर होती. बसून."

तिनं आत्याचा केसपेपर काढून समोर ठेवला. मग म्हणाली, "दर तपासणीला विचारायचो, आराम चालू आहे ना? त्या म्हणायच्या, हो, पूर्ण. एवढ्या आरामातही सूज उतरत नाही, म्हणून डॉक्टर दर वेळी गोळी वाढवत होते."