पोरं चालत नाहीत असं जहाज

रविवारचं मटण ताटात पडलं होतं, सगळी भावकी पंगतीला होती. असे प्रेक्षक पुन्हा मिळणार नाहीत हे ओळखून मी वाढता वाढता जाहीर केलं, "मे महिन्यात आम्ही दोघं जहाजानं फिरायला चाललोय. गोव्याहून कोचीपर्यंत. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही."

चुलत सासऱ्यांना ठसका लागला. धाकटी जाऊ पदराआड हसायला लागली. दीर हळूच म्हणाले, "वहिनी, असलं जहाज? ह्या वयात?"

"ह्याच वयात," मी म्हटलं. "पांढरा रस्सा घ्या की अजून थोडा."

खरं तर जहाज अगदी सोवळं होतं. लहानसं, जुन्या वळणाचं, लाकडी डेकचं. डिस्को नाही, घसरगुंडी नाही. संध्याकाळी नीटनेटके कपडे करून जेवायला यायचं, ठरलेल्या टेबलावर बसायचं आणि समुद्र बघायचा. पण हे मी कुणालाच सांगितलं नाही. गल्लीतल्या बायका माझ्याकडे ज्या नजरेनं बघायला लागल्या होत्या, ती नजर मला पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच मिळत होती. फुकट का घालवू?

आम्हाला मूल नाही. त्यामुळे आमच्या घराण्यात एक प्रथा आपोआप पडली होती. शाळेला सुट्टी लागली की दिराच्या मुली, नणंदेची मुलं, सगळी वरात कोल्हापुरात आमच्या दारात. विचारायची पद्धत नव्हती. "तुमास्नी काय, तुमी मोकळीच," एवढं म्हटलं की झालं. मुलं मला आवडतात. त्यांना रंकाळ्यावर नेणं, आंब्यांवरून होणाऱ्या मारामाऱ्या सोडवणं, सगळं मी हौसेनं केलं. राग होता तो त्या 'मोकळी'चा. जणू आमचं आयुष्य म्हणजे कुणीही खिडकीतून रुमाल टाकून धरावी अशी एसटीतली सीट. या वर्षी मागे हटले असते, तर मरेपर्यंत आमचा प्रत्येक मे महिना दुसऱ्यांनीच ठरवला असता.

निघायच्या सकाळी आम्ही गाडीत बॅगा ठेवत होतो, तेवढ्यात कागलहून धाकट्या जाऊबाई आल्या. सोबत दोन्ही मुली, दोन पिशव्या आणि लोणच्याची बरणी.

"अक्का, ह्यास्नी पण घेऊन जावा की."

"अगं, मुलांना घेत नाहीत तिथं."

"तसं लिव्हलेलं असतंय. एसटीत न्हाय का, कंडक्टर जरा बडबडतोय आणि गप बसतोय. मांडीवर बसवा. आणि त्या कॅप्टनला सांगा, पावणं, पोरी गरीब हायत, काय दंगा करत न्हाईत."

त्यातली थोरली माझ्या खांद्याला लागते.

मी नवऱ्याकडे बघितलं. तालमीत वाढलेला माणूस, पण भावजयीपुढे लोण्याचा गोळा. डोकं खाजवत हे म्हणाले, "काय करूया? पुढच्या वर्षी जाऊया काय?"

"पुढच्या वर्षी पण मे महिना येतोयच की," मी म्हटलं. ह्यांच्या हातातली किल्ली घेतली, मुलींचे गालगुच्चे घेतले, लोणच्याची बरणी मागच्या सीटवर ठेवली (लोणच्याशी माझं भांडण नव्हतं) आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

"मी चालले. तुम्ही येताय, का पोरी सांभाळताय?"

"अगं, घाट लागतोय! घाटात कधी चालवलीयस काय?"

"आज चालवणार."

गल्लीच्या तोंडाशी गाडी पोचली तेव्हा हे मागून धावत आले. एक चप्पल हातात होती. कट्ट्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मी हॉर्न देऊन मानवंदना स्वीकारली. चंदगड गेलं, घाट उतरला, तरी ह्यांनी दाराची कडी सोडली नाही.

जहाजावर आमच्या टेबलावर नागपूरचं एक जोडपं होतं. पहिल्याच जेवणाला बाईंनी सूप पिता पिता विचारलं, "मुलं कुणाजवळ ठेवलीत?"

म्हणजे मुलांना बंदी असलेल्या जहाजावरही मुलं येऊन पोचलीच!

"मुलं नाहीत आम्हाला," मी म्हटलं. अशा वेळी हे लगेच पुढे सरसावतात. "पण पुतण्या हायत की, भाचरं हायत," असं म्हणत समोरच्याला भरपाई करून देतात. लग्न झाल्यापासून देत आलेत. मी वाट बघितली.

"न्हाईत," हे म्हणाले, आणि माशाची आमटी पुन्हा वाढून घेतली.

मंगळूरच्या आसपास मोबाईलला रेंज आली. खोटं कशाला सांगू, मला पोरींची आठवण येत होती. म्हणून मीच फोन लावला. त्यांना लाटा दाखवल्या, मग जाऊबाई आल्या.

"अक्का, पोरी लई वाट बघत्यात. आलासा की लगीच धाडून देतो. सुट्टी संपस्तवर ऱ्हाऊ देत."

"रविवारी जेवायला या सगळी," मी म्हटलं. "संध्याकाळी घेऊन जा."



"आणि येताना आधी विचारून या म्हणावं!" हे माझ्या मागून, कठड्याला टेकून, तालमीतल्या आवाजात ओरडले. डेकवरच्या सगळ्या माना वळल्या. कागललाही ऐकू गेलं. जावं म्हणूनच तर हे एवढ्या मोठ्यानं बोलले होते.